आवाही, स्वतःच्या डोळ्यांनी: रायस्वाइक ते लायडन, सायकलवरून

या प्रवासाची सुरुवात एका थापेने झाली. थाप मारणारी बाई नऊ वर्षांची होती आणि ती आमचीच होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

इथल्या डच शाळेत 'स्प्रेकबर्ट' नावाचं एक प्रकरण असतं. प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं. बहुतेक मुलं घोडा, ससा, नाहीतर घरचं मांजर घेतात. आमच्या ईराने घेतला आवाही. हा मादागास्करच्या जंगलातला लेमूर, म्हणजे माकडांचा दूरचा चुलतभाऊ. किलोभर वजनाचा, लोकरीच्या गुंड्यासारखा, रात्री जागणारा आणि फक्त पानं खाणारा. ही माहिती तिला पुरवली सईमावशीने. सई माझी मावसबहीण. ती लायडनला याच प्राण्यावर पीएचडी करते, आणि बोलायला लागली की आवाही सोडून दुसरं काही बोलत नाही.

इथवर ठीक होतं. पण युफने, म्हणजे बाईंनी, विचारलं, "इतका वेगळा प्राणी कसा काय सुचला?" आणि आमच्या बाळीने सगळ्या वर्गासमोर ठोकून दिलं, "मी तो बघितलाय. स्वतःच्या डोळ्यांनी. मावशीबरोबर."

युफ इतकी खूश झाली की तिने वर्गातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर ईराच्या नावापुढे तेही लिहून टाकलं. स्प्रेकबर्ट होता मंगळवारी. हे सगळं आम्हाला कळलं शुक्रवारी रात्री जेवताना, तेही पोरगी वरणभातात रडायला लागली म्हणून.

"मग सांग ना युफला, की चुकून बोलले," मी म्हणाले.

"नाही! मला खरंच बघायचाय. म्हणजे मग ते खोटं राहणार नाही." (ईराला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र डचमध्ये येतात. इथे मी सगळं मराठीतच लिहितेय, तेवढं चालवून घ्या.)

माझा नवरा मंदार म्हणाला, "एवढंच ना? या देशात गल्लोगल्ली प्राणिसंग्रहालयं आहेत. कुठेतरी असणारच की." आणि भात संपायच्या आत त्याने शनिवारची तिकिटं काढलीसुद्धा. सईला एक फोन करून विचारावं, हे दोन शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. घरात त्या प्राण्याची तज्ज्ञ असताना आम्ही रिव्ह्यू वाचत बसलो. आपण आयटीवाले असेच.

शनिवार: दोन तासांवरचा काळोख

मे महिना होता, करोनाचं दुसरं वर्ष. प्राणिसंग्रहालयं नुकतीच पुन्हा उघडली होती, पण आधी वेळ ठरवूनच जायचं. आमची वेळ सकाळी दहाची. रायस्वाइकहून ट्रेन आणि पुढे बस धरून दोन तास लागले. तिकीट माणशी वीसेक युरो. डबा घरचाच न्या, कारण आतली उपाहारगृहं बंद होती आणि खिडकीतून मिळणाऱ्या फ्रेंच फ्राइजसाठी ही मोठी रांग. आम्ही थेपले, दही आणि आईने मागच्या जन्मी पाठवलेल्या मेतकुटाचा तळ नेला होता. मागचा जन्म म्हणजे करोनाच्या आधीचा. आई साताऱ्याला. तिला आम्ही शेवटचं भेटलो त्याला दोन वर्षं होत आली होती. विमानं बंद, मग सुरू, मग पुन्हा बंद. तिकडे दुसरी लाट भरात होती, आणि आम्ही रोज व्हिडिओ कॉल करून 'ठीक आहेस ना' एवढंच विचारायचो.

आईचा व्हिडिओ कॉल हा एक स्वतंत्र विषय आहे. ती फोन नाकाला लावून बसते. पडद्यावर फक्त चष्म्याच्या दोन काचा, मागे थोडं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. गेली दोन वर्षं ईराने आजी बघितली ती एवढीच. ठेवताना मात्र आई न चुकता म्हणते, "पाहिलं गं बाई तुला, बरं वाटलं." आणि ईरा नुसता हात हलवते.

तर, प्राणिसंग्रहालय. तिथे 'रात्रीचं घर' नावाची एक इमारत होती. दिवसा आत अंधार ठेवतात आणि रात्री दिवे लावतात, म्हणजे निशाचर मंडळी आपल्या वेळेला जागी दिसतात. ईरा नकाशा हातात घेऊन पुढे पळत सुटली. जिराफ, गेंडा, कशाकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि रात्रीच्या घराच्या दाराला लाल-पांढरी पट्टी! करोनामुळे आतल्या सगळ्या इमारती बंद. ही सूचना वेबसाइटवर ठळक अक्षरात होती, असं मंदारने नंतर कबूल केलं.

बाहेरच्या बेटावर शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेले लेमूर उन्हात मांडी घालून बसले होते, अगदी दुपारचे पेन्शनर. शेजारी एक काकू झाडलोट करत होत्या, गमबूट घातलेल्या, तिथल्याच कर्मचारी. ईरा धिटाईने पट्टीपाशी गेली आणि डचमध्ये विचारलं की आत आवाही आहे का. काकूंनी झाडू ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं.

"काय म्हणाल्या?" मंदारने विचारलं.

"म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात कदाचित," ईरा म्हणाली.

माझं डच भाजीबाजारापुरतंच आहे. पण त्या बोलण्यात 'नर्खन्स' हा शब्द दोनदा आला होता, आणि तो मला चांगला माहीत आहे, कारण कोथिंबीर संपली की दुकानातला माणूस मला तेच सांगतो. नर्खन्स, म्हणजे कुठेच नाही.

"ईरा," मी म्हणाले, "नीट सांग."

तिने बुटाकडे बघत सांगितलं. आवाही जगात कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही. त्याला पिंजऱ्यात जगवणं जमत नाही. तो शंभर झाडांची कोवळी पानं निवडून निवडून खातो, याचं एक, त्याचं एक. ते नाही मिळालं की तो खाणंच सोडतो आणि मरतो.

आता यात रागवायचं कुणावर? एका थापेवर दुसरी थाप रचली होती, आणि दुसरी आमच्यासाठी, आई-बाबांना वाईट वाटू नये म्हणून. मी तिला जवळ घेतलं. थेपले आम्ही त्या पेन्शनर मंडळींसमोर बसून खाल्ले, आणि खरं सांगायचं तर दिवस वाईट गेला नाही. एका लेमूरने मंदारकडे इतकं टक लावून बघितलं की त्याने शेवटी तोंड फिरवून खाल्लं. ट्रेनमध्ये ईरा माझ्या मांडीवर झोपली. मी सईला मेसेज केला: 'गाढवपणा केलाय. फोन कर.'

रविवार: पाऊस आणि सईचा फोन

सई आधी पाच मिनिटं हसली. "ताई, अगं मला विचारायचं ना! मी स्वतः सव्वा वर्ष बघितलं नाहीये त्याला!"

मग तिचा आवाज खाली आला. करोना सुरू झाला त्या मार्चमध्ये ती जंगलातलं काम अर्धवट टाकून शेवटच्या विमानाने परतली होती. तेव्हापासून तिचा तिथला वाटाड्या राकुतू एकटाच जाऊन नोंदी ठेवतो आणि आठवड्याला पाठवतो. सई लायडनच्या खोलीत बसून त्या नोंदी उलगडते. "उद्या सोमवारी पिंक्स्टरच्या सणाची सुट्टी आहे ना? इकडेच या सगळे. बघते काही जमतं का. वचन नाही देत हं, तिथे रेंज आली तर टेकडीवर येते, नाहीतर नाही."

घरी दिवसाला दोनच पाहुणे, असा तेव्हा नियम होता. बारा वर्षांखालची मुलं मोजायची नाहीत. म्हणजे आम्ही बरोब्बर बसत होतो.

सोमवार: फ्लीटच्या काठाने

तुम्हाला या भागात एकच सायकल सहल करायची असेल तर ही करा. रायस्वाइकहून फ्लीट नावाच्या कालव्याचा काठ धरायचा आणि सोडायचा नाही, तो थेट लायडनला पोचवतो. अठराएक किलोमीटर, चढ शून्य. एकट्याने सव्वा तासात होईल, मुलाला घेऊन दोन तास धरा. वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो, म्हणजे जाताना तो पाठीवर हात ठेवून ढकलतो आणि येताना सगळं वसूल करतो. लायडस्खेंडामला बोटी वर-खाली करणारे दरवाजे आहेत, तिथे थांबाच. बाहेरच्या खुर्च्या नुकत्याच उघडल्या होत्या. दोन कॉफ्या आणि एक सफरचंदाचा केक घेतला, आणि कित्येक महिन्यांनी कुणीतरी कपबशीत आणून दिलेली कॉफी प्यायले. मला तर भरून आलं. मंदार म्हणाला, "कॉफी आहे, रडू नको." त्याने स्वतः नंतर आणखी एक कप मागवला ते सांगत नाही.

काठावर बदकांची पिल्लं, गवतात गायी, आणि सगळं गाव बाहेर पडलेलं. दर दहा मिनिटांनी ईरा विचारायची, "जमेल ना पण? राकुतूला रेंज येईल ना?"

"येईल गं."

"तुला काय माहीत?"

खरंच, मला काय माहीत.

सईची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की वर जाताना गुडघे हनुवटीला लागतात. तिने पिठलं-भात केला होता. सोबत मी नेलेला ठेचा. जेवताना तिचा क्लास सुरू झाला, आणि मी इथे लिहून ठेवते कारण गूगलपेक्षा ती छान सांगते.

"ईरा, पानं म्हणजे अगदी हलकं खाणं. पोट भरतं, ताकद येत नाही. म्हणून पानं खाणारे प्राणी जास्त हालत नाहीत. आवाही तर रात्रीचा जागतो आणि रात्रीतही निम्मा वेळ बसून असतो. थोडं खायचं, बसायचं, पचवायचं. दिवसा नवरा-बायको वेलींच्या गुंत्यात एकमेकांना मिठी मारून झोपतात. पिल्लू असलं तर मधे. लांबून बघितलंस तर एकच लोकरीचा गोळा दिसतो."

"बाबासारखे," ईरा म्हणाली. "सॅलड खाल्लं की झोपतो."

"मी विचार करत असतो," मंदार म्हणाला.

सईने ज्या जोडीचा अभ्यास केला तिला तिने 'काका-काकू' अशी नावं ठेवली होती. काकूच्या शेपटीला टोकाशी वाक आहे, त्यावरून ओळखायची. "संध्याकाळी उठले की आधी एकमेकांचे केस साफ करतात, दहा-पंधरा मिनिटं. आणि मग शीळ घालतात, आ-वा-ही. त्यावरूनच तर नाव पडलं." तिने ती शीळ घालून दाखवली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी भिंतीवर ठोकलं.

योजना अशी होती. मादागास्करचं घड्याळ इथल्यापेक्षा एकच तास पुढे, पण तिथे आता थंडीचे दिवस, साडेपाचलाच अंधार. म्हणजे लायडनला लख्ख ऊन असताना, साडेचारला, काका-काकू उठणार. राकुतू त्यांच्या झाडापाशी जाणार. झाड टेकडीच्या उतारावर आहे, नशीब असलं तर तिथे फोन लागतो.

सव्वाचारला आम्ही पडदे ओढले. चौघं सईच्या पलंगावर, मांडीवर लॅपटॉप. साडेचार झाले. पाचला दहा कमी झाले. ईरा नखं खात होती आणि मी तिला थांबवायच्या ऐवजी स्वतःची खात होते.

वाजला!

पडद्यावर आधी एक हसरा चेहरा, डोक्याला दिवा, अंगात रेनकोट. राकुतू. "बोंजूर सई!" मग इंग्रजीत, "पाऊस आहे. पण ते उठलेत." त्याने दिव्यावर लाल कागद धरला आणि फोन फिरवला.

काळं. नुसतं काळं, आणि पानांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज. चित्र अडकलं, चौकोन चौकोन झालं, पुन्हा सुटलं. आणि मग अंधारात दोन ठिपके पेटले. गोल, नारिंगी. मग शेजारी आणखी दोन, आणि लाल उजेडात खाली लोंबणारी एक पुसट शेपूट.

"काकू!" सई इतक्या जोरात ओरडली की लॅपटॉप पडता पडता वाचला. "ती शेपूट बघ! वाक बघ! अगं, आणि पाठीवर..."

मोठ्या दोन ठिपक्यांच्या वर, जरा डावीकडे, अगदी बारके दोन ठिपके होते.

"पिल्लू," राकुतू म्हणाला. "मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. म्हटलं, सईने स्वतः बघावं."

सई हसत होती आणि रडत होती, एकाच वेळी, नाक पुसायचंही भान नाही. मंदार, जो कॉफीवर रडू नको म्हणाला होता, तो पडद्याला हात जोडून बसला होता. तेवढ्यात ती शीळ ऐकू आली, बारीक, लांबट, आ-वा-ही. सईने इकडून उत्तर दिलं. खालचा शेजारी पुन्हा ठोकायला लागला. आणि काकूने एकदम उडी मारली, या खोडावरून त्या खोडावर, उभ्याच्या उभी, पिल्लासकट, आणि फोन कटला.

सगळं मिळून चार मिनिटं असतील. मी पडदे उघडले तर बाहेर कालव्यावर ऊन आणि कुणीतरी बोटीतून गाणी लावून चाललेलं. आम्ही तिघं वेड्यासारखे एकमेकांना मिठ्या मारत होतो. तेव्हाच्या नियमात मिठी बसत नव्हती, ते आता कबूल करून टाकते.

ईरा मात्र पलंगावर तशीच बसलेली.

"काय गं? बघितलास ना?"

"फोनवर," ती म्हणाली. "फोनवरचं मोजत नाहीत. मी म्हटलं होतं स्वतःच्या डोळ्यांनी."

 सईने तिला एक वही दिली, त्यात तिने जंगलात काढलेली काकूची चित्रं होती. "वर्गात दाखव. आणि जे वाटेल ते सांग, मी तुझ्या बाजूने आहे."

परतताना वारा तोंडावर. लायडस्खेंडामपर्यंत ईरा नुसती पेडल मारत राहिली. साडेआठला घरी पोचलो तेव्हाही उजेड होता. खिचडी टाकली. तिने वही उशाखाली घेतली आणि झोपली.

मंगळवार

सकाळी शाळेला निघताना साताऱ्याहून फोन. नेहमीप्रमाणे दोन काचा आणि पंखा. "आज भाषण आहे ना गं? बघू, वेणी नीट आहे का? फीर बरं. हां. पाहिलं गं बाई तुला, बरं वाटलं."

ईराने हात हलवला नाही. ती फोनकडे बघत राहिली, दप्तर पाठीवर, तोंड उघडं. मग म्हणाली, "चल, उशीर होईल."

करोनामुळे पालकांना शाळेच्या फाटकाबाहेरच थांबावं लागायचं. आत काय होतंय ते कळायचा मार्ग नाही. त्या दिवशी दोन मीटिंगांमध्ये मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. तीनला फाटकाशी गेले. ईरा उड्या मारत आली आणि सांगायला लागली, मी सायकलचं कुलूपही काढलं नव्हतं.

"मी आधीच सांगून टाकलं. म्हटलं, मी खोटं बोलले होते. मी आवाहीला हात लावला नाही, मी त्याच्या जंगलात गेले नाही. पण मी तो बघितलाय. मी माझ्या आजीला बघते ना, तसा."

"मग?"

"मग एकाने विचारलं, म्हणजे कसा? मी म्हटलं, दोन डोळे दिसतात, बाकी काही नीट दिसत नाही, आवाज मधेच जातो. पण तो खरा असतो. आणि तो तिकडे असतो, आणि ठीक असतो, म्हणून बरं वाटतं."

"युफ काय म्हणाली?"

"तिचे आजोबा पण लांब असतात. ती जरा खिडकीकडे गेली. मग म्हणाली, तक्त्यावरचं पुसायची गरज नाही."

मी कुलपाशी बराच वेळ खटपट करत बसले. किल्ली दिसत नव्हती.

आता हिशोब मांडायचा तर असा. प्राणिसंग्रहालय बघायचं असेल तर आधी सूचना वाचा. सायकलने लायडनला जायचं असेल तर सकाळी निघा आणि येताना दमलेलं मूल असेल तर ट्रेनने या, सायकलींचं वेगळं तिकीट काढून, फक्त गर्दीची वेळ टाळून. आणि आवाही बघायचा असेल तर मादागास्करलाच जा, पावसात, राकुतूबरोबर. तो कुठेच मिळत नाही हे त्याचं चांगलंच आहे, असं मला आता वाटतं. त्याला त्याचीच पानं हवीत, त्याचंच झाड हवं. आम्हाला कुठेही लावलं की आम्ही जगतो, मेतकूट तेवढं पाठवा.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम आईला फोन लावला. साताऱ्यात साडेदहा वाजून गेले होते, ती आडवी झाली होती, पण उठून बसली. सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे मी त्या माकडासारखी होय गं?" आई म्हणाली.

"माकड नाही आई, लेमूर."

"तेच ते." मग ती खुदुखुदु हसायला लागली, इतकी की पंखा हलला. मग तिने फोन आणखी जवळ घेतला, कपाळही गेलं, काचाही गेल्या, चष्मा काढला असावा. पडदाभर फक्त दोन डोळे, गोल, ओले. "ईरा, ए ईरा, दिसतेय का मी तुला?"

ईराने माझ्या हातातून फोन घेतला आणि आपल्या नाकाला लावला.

"दिसतेस आजी," ती म्हणाली, चक्क मराठीत. "पाहिलं तुला. बरं वाटलं."